बेबी कॅरिअर घेण्याआधी आजीची कड बघा

गेल्या रविवारी पर्वती चढताना पुढे एक कुटुंब होतं. बाबांच्या छातीवर बेबी कॅरिअर, त्यात पाचेक महिन्यांचं बाळ, तोंड बाहेर. मांड्यांमधून गेलेली पट्टी जेमतेम चार बोटं रुंद, त्यामुळे पाय सरळ खाली लोंबत होते आणि दर पायरीला झुलत होते. मागून आजी थोरल्या नातीला कडेवर घेऊन येत होत्या. नातीच्या मांड्या फाकलेल्या, गुडघे बुडापेक्षा वर. कॅरिअर घेणाऱ्याने आधी ही कड नीट बघावी, असं मला मनापासून वाटतं.

जन्मतः खुब्याची वाटी बरीचशी कूर्चेची, मऊ असते. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसून राहिला, तर वाटी त्याच्याभोवती खोल होत जाते. पाय वाकवून फाकवले की गोळा वाटीत घट्ट बसतो. सरळ करून एकमेकांना चिकटवले की बाहेर सरकू पाहतो. खुबा सैल असलेल्या तान्ह्यांना डॉक्टर जो पाव्हलिक पट्टा बांधतात, तोही पाय असेच बेडकासारखे धरून ठेवतो. जपानमध्ये १९७५ पासून 'बाळाचे पाय ताणून गुंडाळू नका' अशी मोहीम चालली आणि निखळलेल्या खुब्यांचं प्रमाण झपाट्याने घटलं. आपल्याकडे दुपट्यात पाय सरळ आवळायची सवय अजून आहे. ती खरंच सोडायला हवी.

अरुंद कॅरिअरने निरोगी खुबा बिघडतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी पहिले सहा महिने वाटी घडण्याचे असतात, म्हणून बैठक एका गुडघ्यामागच्या खळगीपासून दुसऱ्यापर्यंत पोचणारीच घ्या. दुकानात बाळाला घेऊनच जा आणि त्याला बसवून बघा.

त्याहून तातडीचा प्रश्न श्वासाचा. तान्ह्याचं डोकं जड, मान कच्ची. हनुवटी छातीला टेकली की मऊ श्वासनलिका दुमडते, आणि गुदमरणारं बाळ रडतही नाही. हनुवटीखाली दोन बोटं मावली पाहिजेत, नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे, मान खाली घातली की टाळूची पापी घेता आली पाहिजे. अपुऱ्या दिवसांचं किंवा चार महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. मान धरेपर्यंत तोंड आपल्याकडेच. एप्रिल-मेमध्ये सुती, पातळ कापडच बरं. बाळाला आपल्या अंगाची उष्णताही मिळत असते.

आणि पुण्यात हे सांगायलाच हवं: कॅरिअरमध्ये बाळ घेऊन दुचाकीवर बसू नका. पडलात तर तुमचं वजन त्याच्यावर येईल. चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राच्या २०२२ च्या नियमांत दुचाकीवरचा वेगळा सुरक्षा पट्टा, आणि नऊ महिन्यांपुढच्यांना हेल्मेटही सांगितलं आहे. कॅरिअर म्हणजे तो पट्टा नव्हे.

वर पोचल्यावर आजींनी थोरलीला खाली सोडलं आणि धाकट्याला कॅरिअरमधून काढून उचललं. हवेत असतानाच त्याने दोन्ही गुडघे आपणहून वर घेतले, आणि मग तो कडेवर बसला.