पस्तीस डॉलरचा रोमन

२०१८ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, गुडविल या जुन्या वस्तूंच्या दुकानात, एका टेबलाखाली संगमरवरी अर्धपुतळा पडला होता. वजन सुमारे २४ किलो, गालावर किमतीचा स्टिकर: ३४.९९ डॉलर. जुन्या वस्तूंचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंनी तो घेतला आणि गाडीत सीटबेल्ट लावून घरी नेला. पुढे तज्ज्ञांनी सांगितलं, हा रोमन आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा.

हे ठरवतात कसं? कार्बन डेटिंग इथे चालत नाही. संगमरवराचं वय कोट्यवधी वर्षांचं असतं. छिन्नी कधी लागली हे त्यावरून कळणार कसं? दगडातल्या कार्बन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, तो कोणत्या खाणीतला असावा याचा अंदाज येतो, पण काळ सांगायला घडणीकडेच पाहावं लागतं. डोळ्यांची बुबुळं कोरण्याची पद्धत हेड्रियन बादशहाच्या काळात, इ.स. १३०च्या सुमारास, रुळली; त्याआधी ती नुसती रंगवत. रंग उडाला की डोळे कोरे दिसतात. सुरुवातीचे अर्धपुतळे मानेखाली थोडक्यात संपतात, पुढच्या शतकात छाती-खांदे खाली वाढत जातात.

आणि सगळ्यात बोलके असतात ते कपाळावरचे केस. राजघराण्यातल्या माणसाचा एक अधिकृत नमुना ठरे आणि त्यावरून साम्राज्यभर नकला होत. नाक-हनुवटीत फरक पडला तरी बटा कुठे दुभंगतात, कुठे एकमेकींकडे वळतात, हे शिल्पकार बरंचसं जसंच्या तसं उतरवत. म्हणून तज्ज्ञ चेहऱ्याआधी बटा मोजतात.

तरीही हा माणूस नक्की कोण, यावर एकमत नाही. एक अंदाज सेक्स्टस पॉम्पेचा, म्हणजे पुढे पहिला रोमन बादशहा झालेल्या ऑगस्टसशी समुद्रावर झुंजलेल्या बंडखोराचा. दुसरा ड्रुसस जर्मानिकसचा, म्हणजे ऑगस्टसच्याच सावत्र मुलाचा. दोघे एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे! ड्रुससने जर्मन टोळ्यांवर स्वाऱ्या केल्या आणि घोड्यावरून पडून इ.स.पू. ९ मध्ये तो तिकडेच वारला. तो जर हाच असेल तर गंमत आहे, कारण या पुतळ्याचा पुढचा मालक जर्मन राजा होता.

दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाचा हा राजा, पहिला लुडविग, प्राचीन शिल्पांचा मोठा षौकीन. त्याने आशाफेनबुर्गला १८४०च्या दशकात पॉम्पेई या ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या रोमन शहरातल्या एका घराच्या धर्तीवर 'पॉम्पेयानुम' नावाची इमारत बांधून घेतली. हा अर्धपुतळा पुढे तिथेच मांडलेला होता. १९३१च्या एका छायाचित्रात तो दिसतो. नुसत्या दगडावरून हे कधीच कळलं नसतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा साक्षीदार तो फोटोच.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बॉम्बहल्ल्यांत पॉम्पेयानुमची मोठी पडझड झाली. युद्धानंतर अमेरिकी सैन्याचा तळ त्या शहरात कित्येक वर्षं होता. एखाद्या सैनिकाने पुतळा उचलून घरी आणला असावा, असा तर्क आहे. मग तो दुकानात कसा आला, कोणाच्या माळ्यावरून, याचा माग लागलेला नाही.

बव्हेरियाने तो कधी विकलाच नव्हता, त्यामुळे तो पुढे विकण्याचा हक्क त्या बाईंनाही नव्हता. समझोता झाला: आधी सॅन अँटोनिओच्या कलासंग्रहालयात वर्षभर प्रदर्शन, मग २०२३ मध्ये बव्हेरियाकडे परत. संग्रहालयाने ड्रुससचं नाव लिहिलं तेही 'बहुधा' या शब्दाच्या आधारानेच.