फ्लड-संसर्ग (हेलो गेम मालिका)

फ्लड म्हणजे हेलो या गेम मालिकेतला परजीवी जीव, आणि फ्लड-संसर्ग म्हणजे तो चिलखत घातलेल्या सैनिकाच्या शरीरात घुसून त्याचा ताबा घेतो ती सगळी प्रक्रिया. पहिला गेम बंजी कंपनीचा, एक्सबॉक्ससोबत १५ नोव्हेंबर २००१ ला आला, आणि त्यातल्या १० पैकी सहाव्या लेव्हलपर्यंत या जिवाचा मागमूसही नसतो, मग दलदलीतल्या एका जुन्या इमारतीत जेन्किन्स नावाच्या मरीनचं हेल्मेट सापडतं, त्यातलं रेकॉर्डिंग चालू होतं आणि त्याच्या तुकडीचं काय झालं ते त्याच्याच कॅमेऱ्यातून दिसतं. व्हिडिओ गेममधे संसर्ग इतका अंगावर येईल असा दुसरीकडे फारसा दाखवलेला नाही.

सुरुवात इन्फेक्शन फॉर्मपासून होते. हा फुग्यासारखा फुगलेला, खाली सोंडांसारखे धागे असलेला लहान प्राणी, एकटा असला तर एका गोळीत फुटतो पण येतो तो झुंडीने. तो गोचिडीसारखा चिकटतो खरा, पण गोचीड बाहेर राहून रक्त पिते आणि हा सरळ आत जातो, धागे पाठीच्या कण्यापर्यंत नेतो, मज्जासंस्थेशी जुळवून घेतो आणि छातीच्या पोकळीत बसून शरीर चालवायला लागतो. मग यजमानाचं शरीर बदलतं, मांस वाढून चिलखताच्या फटींतून बाहेर येतं, डोकं एका बाजूला लोंबकळतं, हाताच्या जागी चाबकासारखा अवयव येतो. याला कॉम्बॅट फॉर्म म्हणतात. त्याला बंदूक चालवता येते कारण यजमानाला जे येत होतं ते आता फ्लडला येतं. डोकं निकामी झालेलं असल्याने हेडशॉटचा उपयोग नाही, स्नायपरची गोळी आरपार जाते आणि तो चालत राहतो, त्यामुळे पहिल्या गेममधे शॉटगनच कामाला येते. हेलो ३ मधे मात्र छातीतल्या त्या जिवालाच नेम धरून मारता येतं.

आपल्याकडे भ्रमरकीटकन्याय सांगतात, कुंभारीण माशी अळीला घरट्यात कोंडते आणि अळी तिचा ध्यास घेऊन तिच्यासारखीच होते असा तो समज. प्रत्यक्षात माशीचं पिल्लू अळीला खातं. फ्लडमधे या दोन्ही गोष्टी एकदम होतात, यजमान खाल्लाही जातो आणि फ्लडही होतो.

आता चिलखताचा प्रश्न, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ आहे. मरीनच्या अंगावर छाती-खांद्याला प्लेट असतात पण मान आणि चेहरा उघडा, त्यामुळे त्याला काही संरक्षण नाही असंच धरावं. एलीट या परग्रही योद्ध्यांना चिलखत आणि एनर्जी शिल्ड दोन्ही असतात तरी ते मोठ्या संख्येने बळी पडतात, म्हणजे शिल्ड एकदा खाली गेली की नुसतं चिलखत कामाचं नाही. मालिकेचा नायक मास्टर चीफ याच्या म्योलनिर आर्मरवर, म्हणजे शिल्ड असलेल्या चिलखती सूटवर, इन्फेक्शन फॉर्म आदळला की शिल्डवर फुटतो आणि जाता जाता थोडी शिल्ड घेऊन जातो, झुंड आली की शिल्ड संपते आणि मग चीफला थेट इजा व्हायला लागते. काही लोक म्हणतात की हा सूट पूर्ण बंद असल्यामुळेच चीफ वाचतो. पण पहिल्याच गेममधे, लायब्ररीच्या लेव्हलला, हेलो नावाच्या कड्यासारख्या जगाचा (रिंगचा) रखवालदार एआय ३४३ गिल्टी स्पार्क चीफला सांगतो की तुझा सूट स्कॅनमधे फक्त क्लास २ दिसतोय, अशा कामाला निदान क्लास १२ चं कॉम्बॅट स्किन पाहिजे. हा पुरावा मूळ गेममधला, सगळ्यात जुना, म्हणून जास्त वजनाचा वाटतो. म्हणजे चीफला शिल्डने आणि त्याच्या वेगाने वाचवलं, सूटच्या जाडीने नाही, असं मानणं बरं. बरं, चांगलं चिलखतही शेवटचा उपाय नव्हताच, कारण फोररनरांच्या, म्हणजे या रिंग बांधणाऱ्या प्राचीन जमातीच्या, चिलखतात सोबतीला एआय असायचा आणि फ्लडची लॉजिक प्लेग एआयलाच फितवायची, मेंडिकंट बायस हा त्यांचा मोठा एआय ४३ वर्षं ग्रेव्हमाइंडशी (फ्लडच्या सामूहिक मेंदूशी) बोलून शेवटी उलटला.

सार्जंट जॉन्सन या मरीनचं प्रकरण वेगळं. जेन्किन्सच्या रेकॉर्डिंगमधे तो झुंडीखाली सापडताना दिसतो आणि हेलो २ मधे धडधाकट परत येतो. २००३ च्या एका कादंबरीत याचं कारण बोरेन्स सिंड्रोम असं दिलं, म्हणजे प्लाझ्मा ग्रेनेडच्या किरणोत्सर्गाने त्याची मज्जासंस्था बिघडली आणि फ्लडला तिच्याशी जुळवताच आलं नाही. नंतरच्या साहित्यात हा आजार म्हणजे पांघरूण होतं, तो खरं तर जुन्या ओरायन प्रकल्पातला म्हणजे पहिल्या पिढीचा स्पार्टन (चीफसारखा खास घडवलेला सैनिक) होता, अशी भर पडली. दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, पण दोन्हींत मूळ मुद्दा एकच राहतो की फ्लडला मज्जासंस्था जुळावी लागते. याला हंटर या परग्रही शत्रूचाही आधार मिळतो, तो अळ्यांच्या वसाहतीचा बनलेला असल्याने त्याचा कॉम्बॅट फॉर्म होत नाही. स्वतः जेन्किन्सचं उलटं झालं, दीर्घ निद्रेने दुबळा झालेला जीव त्याच्यात घुसला म्हणून त्याची शुद्ध शाबूत राहिली आणि आपलं शरीर दुसराच कोणी चालवतोय हे तो आतून बघत राहिला, वाचताना अंगावर काटा येतो.

कॅप्टन कीझसारख्या अधिकाऱ्याचं मात्र नुसतं शरीर वापरत नाहीत, त्याचा मेंदू पोखरून माहिती काढतात, पृथ्वी कुठे आहे तेच त्यांना हवं असतं. ग्रंट, जॅकल हे परग्रही सैनिक लहान असल्याने ते लढायला न वापरता नुसतं मांस म्हणून वापरले जातात. निकामी झालेली शरीरं कॅरिअर फॉर्म बनतात, ती फुटली की आतून नवे इन्फेक्शन फॉर्म बाहेर पडतात.

उगमाबद्दल, २०११ ते २०१३ मधल्या कादंबऱ्यांनुसार प्रिकर्सर या फोररनरांच्याही आधीच्या जमातीची भुकटी फेरू नावाच्या पाळीव प्राण्यांना दिली गेली आणि तिथून हे पसरलं. हेलो रिंग फ्लडला थांबवायला फोररनरांनी पेटवल्या, त्याचा काळ आधी ढोबळमानाने एक लाख वर्षांपूर्वीचा धरत, पुढे इ.स.पू. ९७,४४५ असा नेमका आकडा आला.

संसर्ग झालेला स्पार्टन बघायचा तर हेलो ४ (२०१२) च्या मल्टिप्लेअर फ्लड मोडमधे, तिथे खेळाडूच फ्लड होऊन बाकीच्यांच्या मागे लागतात, पण कथेत ते इन्फिनिटी जहाजावरचं प्रशिक्षणाचं सिम्युलेशन आहे.