कॅल्क्युलेटेड कॉलमचा पुनर्वापर (एसक्यूएल)

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत क्वेरीच्या (माहिती मागणाऱ्या आज्ञेच्या) सिलेक्ट यादीत, म्हणजे हव्या असलेल्या कॉलमांच्या यादीत, सूत्र लिहून त्याला ‘अ‍ॅज’ने दिलेले नाव, म्हणजे एलियस, त्याच क्वेरीत पुन्हा वापरणे, आणि ते चालत नसेल तेथे त्याच परिणामासाठी योजल्या जाणाऱ्या रचना.

‘सिलेक्ट दर * नग अ‍ॅज रक्कम, रक्कम * 0.18 अ‍ॅज कर फ्रॉम विक्री’ ही क्वेरी पोस्टग्रेस (चूक क्रमांक 42703), एसक्यूएल सर्व्हर (207), मायएसक्यूएल (1054) आणि ओरॅकल (00904) या डेटाबेस प्रणाली नाकारतात. मात्र विक्री टेबलात रक्कम नावाचा कॉलम आधीच असला तर चूक येत नाही. कर त्या जुन्या कॉलमवर निघतो आणि अहवाल मुकाट्याने चुकतो.

मनाईच्या कारणाबद्दल दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. पहिले क्रमाचे: फ्रॉम (टेबल), व्हेअर (ओळींची अट), ग्रुप बाय (गट), हॅविंग (गटांची अट), सिलेक्ट, ऑर्डर बाय (ओळींचा क्रम) या तार्किक क्रमात सिलेक्ट उशिरा येते, म्हणून व्हेअरला एलियस ठाऊक नसतो. हे शिकवायला सोयीचे, पण अपुरे. शेजारच्याच कॉलमला एलियस का दिसत नाही, हे त्यातून कळत नाही. मायएसक्यूएल ग्रुप बाय व हॅविंगमध्ये एलियस स्वीकारते, त्याचाही उलगडा होत नाही. दुसरे स्पष्टीकरण नावाच्या व्याप्तीचे, म्हणजे नाव कोठे दिसते याचे: सिलेक्ट यादीतील सर्व सूत्रे एकाच वेळी, फक्त फ्रॉममधून आलेल्या कॉलमांवर काढली जातात. हे अधिक ग्राह्य वाटते. चेंबरलिन व बॉइस यांनी आयबीएममध्ये मांडलेली सीक्वेल ही एसक्यूएलची पूर्वज भाषा 1974ची; यादीतील कॉलमला नाव देणारे ‘अ‍ॅज’ एसक्यूएलच्या मानकात 1992च्या आवृत्तीत आले. व्याप्तीचे नियम आधी ठरले आणि नाव मागाहून आले, असे यावरून दिसते.

पोस्टग्रेसमध्ये ऑर्डर बाय व ग्रुप बाय दोन्हींत एलियस चालतो, पण नावे सारखी असली की ऑर्डर बाय एलियसला प्राधान्य देते आणि ग्रुप बाय मूळ कॉलमला. दिनांकाचा महिना काढून त्यालाच ‘दिनांक’ नाव देऊन ‘ग्रुप बाय दिनांक’ लिहिले, तर गट दिवसांचे पडतात. जूनच्या एका ओळीऐवजी त्याच महिन्याच्या नावाने 30 ओळी येऊ शकतात. एलियसला वेगळे नाव द्यावे. रेडशिफ्ट, स्नोफ्लेक व टेराडेटा या डेटाबेस प्रणाली शेजारच्या सूत्रात एलियस घेतात, पण हा मानकाबाहेरचा विस्तार आहे.

रूढ उपाय म्हणजे आतल्या क्वेरीत रक्कम काढून बाहेरच्या क्वेरीत ती वापरणे, किंवा तीच आतली क्वेरी ‘विथ’ने सुरुवातीला नाव देऊन लिहिणे. टप्पे वाढले की ‘अप्लाय’ किंवा ‘लॅटरल’, म्हणजे फ्रॉममध्येच प्रत्येक ओळीसाठी सूत्र काढणारी रचना, सुटसुटीत पडते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये (2008पासून) ‘फ्रॉम विक्री क्रॉस अप्लाय (व्हॅल्यूज (दर * नग)) अ‍ॅज ग(रक्कम)’ असे लिहिले की रक्कम फ्रॉममध्येच जन्मते. मग ती व्हेअर, ग्रुप बाय, सिलेक्ट सगळीकडे दिसते. करासाठी दुसरा अप्लाय पहिल्याच्या पुढे जोडावा. पोस्टग्रेसमध्ये (9.3पासून) ‘क्रॉस अप्लाय’च्या जागी ‘क्रॉस जॉइन लॅटरल’ येते. मायएसक्यूएलने लॅटरल 8.0.14मध्ये आणले.

आतली क्वेरी आधी चालेलच, ही समजूत घातक आहे. आत ‘नग <> 0’ अट लावून शून्य नगाच्या ओळी गाळल्या आणि बाहेर नगाने भागले तरी ऑप्टिमायझर (क्वेरी चालवण्याची पद्धत ठरवणारा डेटाबेसचा भाग) दोन्ही एकत्र करून भागाकार आधी करू शकतो आणि शून्याने भागल्याची चूक येते. भाजकाला ‘नलइफ(नग, 0)’ लावावे, म्हणजे शून्याऐवजी नल (रिकामे मूल्य) येते. पोस्टग्रेस 12पूर्वी ‘विथ’ नेहमी वेगळे चालत असे. नंतर एकदाच वापरलेले ‘विथ’ बहुधा मुख्य क्वेरीत मिसळते. पूर्वीचे वागणे हवे असल्यास ‘मटेरियलाइज्ड’ लिहावे लागते.

सूत्र कायमचे असेल तर व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) किंवा जनरेटेड कॉलम (टेबलाच्या व्याख्येतच सूत्र असलेला कॉलम). तेथेही पोस्टग्रेस एका जनरेटेड कॉलमला दुसऱ्याचा आधार घेऊ देत नाही. मायएसक्यूएल देते, पण ज्याचा आधार घ्यायचा तो कॉलम टेबलाच्या व्याख्येत आधी आलेला असेल तरच.