काळाचं पाऊल केवढं असावं?

औष्णिक वीजकेंद्रातली वाफेची टर्बाइन पूर्ण भाराने फिरत असते, तेव्हा तिच्या रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, फारसा त्रास नसतो. जिथे जेवढं तापमान हवं तेवढं असतं आणि ताणही ठरलेले असतात. कसोटी लागते ती थंड टर्बाइन चालू करताना. पाचशे अंशांच्या पुढची वाफ आत आली की रोटरचा पृष्ठभाग पटकन तापतो आणि पसरू पाहतो. आतला गाभा अजून थंडच असतो, तो पसरू देत नाही. या ओढाताणीतून निर्माण होणारे ताण स्थिर अवस्थेत कधी दिसतच नाहीत. टर्बाइन बंद करताना हाच प्रकार उलट्या दिशेने घडतो. दर वेळी थोडं थोडं नुकसान साचत जातं आणि एखाद्या दिवशी चीर पडते. म्हणूनच थंड पडलेली मोठी टर्बाइन पूर्ण भारावर आणायला काही तास घेतात. (स्थिर अवस्था अगदी निरुपद्रवी असते असं नाही. तापलेला धातू सततच्या ताणाखाली वर्षानुवर्षं हळूहळू ताणला जातो, त्याला क्रीप म्हणतात. पण तो वेगळा विषय.)

एका स्थिर अवस्थेतून दुसरीत जाण्याच्या या मधल्या काळाला अभियंते ट्रान्झियंट म्हणतात. तो काही मायक्रोसेकंदांचा असेल किंवा कित्येक वर्षांचा. त्याचं गणित करायचं तर पहिला प्रश्न येतो, घड्याळ कोणतं लावायचं?

उष्णतेच्या बाबतीत हे घड्याळ फ्रेंच गणिती जोसेफ फुरिये याने हाती दिलं. त्याचा उष्णतावहनावरचा ग्रंथ 1822 साली प्रसिद्ध झाला. त्याच्या समीकरणातून निघणारी एक गोष्ट सहज अंदाजात येत नाही: उष्णता पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. साध्या पोलादात एक सेंटिमीटर आत उष्णता मुरायला ढोबळमानाने आठ सेकंद लागतात. दहा सेंटिमीटरला चौदा मिनिटं, आणि एक मीटरला जवळजवळ एक अख्खा दिवस. काँक्रीट तर याहून कितीतरी मंद. सिमेंट घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे मोठ्या धरणात हा प्रश्न गंभीर होतो. अमेरिकेतलं हूवर धरण 1930च्या दशकात बांधताना अभियंत्यांनी हिशेब केला होता की, सगळं काँक्रीट सलग ओतलं तर ते थंड व्हायला सुमारे 125 वर्षं लागतील. म्हणून धरण सुट्या ठोकळ्यांनी रचत नेलं आणि काँक्रीटमध्ये पुरलेल्या नळ्यांतून थंड पाणी फिरवलं.

असे अंदाज कागदावर निघतात, पण खऱ्या यंत्रभागाचा आकार वेडावाकडा असतो, पदार्थाचे गुणधर्म तापमानाबरोबर बदलतात आणि बाहेरची परिस्थितीही बदलत राहते. तिथे समीकरणाचं नेटकं उत्तर मिळत नाही. मग वस्तूचे बारीक तुकडे करायचे, म्हणजे तिच्यावर जाळी घालायची. काळाचेही तुकडे करायचे, आणि एका तुकड्यावरून पुढच्या तुकड्यावर जायचं. संगणकावरचं ट्रान्झियंटचं बहुतेक गणित मुळात एवढंच आहे. काळाच्या या तुकड्याला टाइम स्टेप म्हणतात. मी त्याला पाऊल म्हणेन.

पाऊल चुकलं की काय होतं, ते अगदी लहान उदाहरणात दिसतं. एक वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा 100 अंशांनी गरम आहे. ती अशा वेगाने निवते की तो वेग तसाच टिकला असता तर दहा सेकंदांत फरक संपला असता. प्रत्यक्षात निवण्याचा वेग हळूहळू कमी होत जातो आणि 30 सेकंदांनी सुमारे 5 अंशांचा फरक उरतो. हेच उत्तर 30 सेकंदांचं एकच पाऊल टाकून काढू. सर्वांत सोपी रीत म्हणजे आत्ताचा वेग घ्यायचा आणि तोच पूर्ण पाऊलभर चालू ठेवायचा. उत्तर येतं उणे 200. म्हणजे वस्तू हवेपेक्षा 200 अंशांनी थंड झाली! पुढच्या पावलाला ती 400 अंशांनी गरम होते, त्यापुढच्या पावलाला 800 अंशांनी थंड. प्रत्येक बेरीज-वजाबाकी बिनचूक, आणि उत्तर मात्र अशक्य.

या रीतीला एक्स्प्लिसिट म्हणतात. दुसरी रीत इम्प्लिसिट. तिच्यात पावलाच्या शेवटी जो वेग असेल तो धरायचा. तो अजून माहीत नसतो, म्हणून समीकरण सोडवावं लागतं आणि कष्ट वाढतात. पण त्याच एका पावलात उत्तर येतं 25 अंश. तेही चूकच, पण निदान शक्य कोटीतलं. तिसरी रीत जॉन क्रँक आणि फिलिस निकोल्सन यांनी 1947 साली उष्णतेच्या गणितासाठी मांडली. तिच्यात सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगांची सरासरी घेतात. या रीतीने 30 सेकंदांच्या पावलात उत्तर येतं उणे 20. पुन्हा हवेपेक्षा थंड!

आता पाऊल 3 सेकंदांचं करू आणि दहा पावलं टाकू. एक्स्प्लिसिट रीत देते 2.8 अंश, इम्प्लिसिट 7.3, आणि क्रँक-निकोल्सन 4.9. खरं उत्तर जवळपास 5. मघाशी जी रीत शून्याखाली घसरली, तीच आता सर्वांत अचूक ठरली. तेव्हा कोणती रीत चांगली हा प्रश्न पाऊल सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

हे सारं लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला. इंग्लिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन याने 1910 साली दगडी धरणातल्या ताणांचं गणित अशा तुकड्यांच्या पद्धतीने, संगणकाशिवाय, आकडेमोड करून सोडवलं. त्याच लेखात उष्णतेच्या समीकरणासाठीही त्याने एक देखणी रीत दिली. मागचं आणि पुढचं पाऊल दोन्ही बाजूंनी सारखं धरणारी ही रीत कागदावर साध्या रीतीपेक्षा जास्त अचूक दिसते. 1950च्या सुमारास गणितज्ञांनी दाखवून दिलं की पाऊल कितीही लहान घ्या, ही रीत शेवटी फुटतेच, म्हणजे तिचे आकडे मघाच्या 200, 400, 800 सारखे वाढत सुटतात. रिचर्डसनला ते जाणवलं नाही, कारण हाताने करायची म्हणून त्याने मोजकीच पावलं टाकली होती आणि तेवढ्यात चूक वाढायला वाव मिळाला नाही. संगणक आला, हजारो पावलं टाकणं स्वस्त झालं, आणि मग असे दोष उघडे पडले.

तरंगांच्या बाबतीतला नियम मात्र संगणकाच्या आधीच सापडला होता. रिचर्ड कुरांट, कुर्ट फ्रीडरिक्स आणि हान्स लेवी या तिघांनी 1928 साली जर्मनीत एक लेख प्रसिद्ध केला. त्यांना आकडेमोड करायचीच नव्हती. काही समीकरणांना उत्तर असतं हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी तुकड्यांची पद्धत वापरली होती. त्यातून जी अट निघाली ती आज अभियंत्यांच्या रोजच्या वापरात आहे: एका पावलात तरंगाने जाळीच्या एका घरापेक्षा जास्त पल्ला गाठता कामा नये. गाठला, तर एक्स्प्लिसिट गणिताला त्या तरंगाची बातमी वेळेत मिळतच नाही.

मोटारीच्या टकरीचं गणित घ्या. पोलादात ध्वनितरंग सेकंदाला सुमारे पाच किलोमीटर धावतो. जाळीचं घर पाच मिलिमीटरचं असेल तर पाऊल एका मायक्रोसेकंदाहून मोठं चालत नाही. टक्कर साधारण दशांश सेकंदात आटोपते, म्हणजे एक लाख पावलं झाली. जाळी दुप्पट बारीक केली की तिन्ही दिशांना मिळून घरं आठपट होतात आणि पावलं दुप्पट, म्हणजे काम सोळापट. त्यातही जाचक गोष्ट अशी की पाऊल ठरवतं ते सगळ्यांत लहान घर. एखाद्या कोपऱ्यात जाळी आखताना चुकून एक बारकं घर राहिलं, तर अख्खी गाडी त्याच्या तालावर चालते. यावर एक युक्ती आहे आणि ती मला नेहमीच गमतीची वाटते. त्या घरातल्या पोलादाची घनता मुद्दाम वाढवायची. घनता चौपट केली की तिथला तरंग निम्म्या वेगाने धावतो आणि पाऊल दुप्पट टाकता येतं. गाडीचं एकूण वजन नगण्य वाढत असेल तोवर ही लबाडी खपते. ते कितपत नगण्य आहे हे दर वेळी तपासावं लागतं.

इम्प्लिसिट रीतींवर अशी सक्ती नसते, म्हणून मंद घडामोडींसाठी त्याच सोयीच्या पडतात. पण क्रँक-निकोल्सनचं ते उणे 20 लक्षात ठेवायला हवं. तीच सरासरीची रीत विद्युत मंडलांच्या गणितात वापरली जाते. एखादा स्विच झटकन बंद झाला की आलेखावर व्होल्टेज वर-खाली डोलताना दिसतं. हे डोलणं मंडलातलं आहे की रीतीतलं? ओळखण्याची एक सोपी खूण आहे. रीतीतलं डोलणं बरोबर प्रत्येक पावलाला दिशा बदलतं, आणि पाऊल बदललं की त्याचा वेगही बदलतो. खरं डोलणं पावलाला जुमानत नाही.

एकाच प्रश्नात अनेक घड्याळं असतात तेव्हा हे काम सर्वांत कठीण होतं. पोलादाला पाणी देण्याची प्रक्रिया, म्हणजे क्वेंचिंग, हे त्याचं उत्तम उदाहरण. सुमारे 850 अंशांपर्यंत तापवलेला तुकडा पाण्यात बुडवला की प्रथम त्याच्याभोवती वाफेचा पडदा तयार होतो आणि उष्णता संथपणे बाहेर पडते. पडदा फाटला की जोराची उकळी फुटते आणि उष्णता कितीतरी पटींनी वेगाने जाऊ लागते. तुकड्याच्या वेगवेगळ्या भागांत हा पडदा वेगवेगळ्या क्षणी फाटतो.

आत त्याच वेळी पोलादाची अंतर्रचना बदलत असते. सावकाश निवलेल्या पोलादात पर्लाइट नावाची रचना तयार होते आणि त्याला वेळ लागतो. कोणत्या तापमानाला किती वेळ, याचे आलेख एडमंड डेव्हनपोर्ट आणि एडगर बेन यांनी 1930 साली प्रसिद्ध केले. तेवढा वेळ मिळाला नाही तर एका ठरावीक तापमानाखाली मार्टेन्साइट बनायला लागतं. ते अतिशय कडक असतं आणि आधीच्या रचनेपेक्षा जास्त जागा व्यापतं. किती मार्टेन्साइट बनेल यासाठी कॉइस्टिनेन आणि मारबर्गर यांनी 1959 साली एक सूत्र दिलं, आणि त्यात काळ कुठेच नाही. मार्टेन्साइट बनायला लागतं त्या तापमानापासून किती अंश खाली आलो एवढंच बघायचं. सुमारे 210 अंश खाली आलं की नव्वद टक्के रूपांतर झालेलं असतं.

म्हणजे एका रूपांतराचं घड्याळ काळावर चालतं आणि दुसऱ्याचं तापमानावर. शिवाय रूपांतर होताना उष्णता सुटते, ती तापमान बदलते. आकारमान बदलतं, त्यातून ताण येतात. पृष्ठभाग आधी मार्टेन्साइट होऊन कडक बनतो. गाभा नंतर रूपांतरित होऊन फुगतो आणि त्या कडक सालीला आतून ताणतो. भेग पडते ती बहुधा इथे. हे गणित करणारा प्रोग्राम एकच पाऊल धरून बसत नाही; पडदा फाटताना बारीक पावलं टाकतो, नंतर लांब. एवढं करूनही सगळ्यांत कच्चा दुवा बाहेरच असतो: पाण्याने नेमकी किती उष्णता ओढून घेतली? ती थेट मोजता येत नाही. चाचणीच्या तुकड्यात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, बसवून आतल्या तापमानावरून उलटं गणित करावं लागतं, आणि या उलट्या गणितात मोजमापातली लहानशी थरथरही मोठी होऊन बाहेर येते.

गणित फुटलं तर निदान ते दिसतं. माझ्या मते जास्त भीती बाळगावी ती शांत आलेखाची. लांब नळातून पाणी वाहतंय आणि झडप झटकन बंद झाली, तर दाबाचा तडाखा उलट धावतो. त्याला वॉटर हॅमर म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की याने मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून 1898 साली त्याचं सूत्र दिलं: पाण्याची घनता गुणिले तरंगाचा वेग गुणिले प्रवाहाच्या वेगात पडलेला फरक. पोलादी नळात तरंगाचा वेग सेकंदाला 1200 मीटर धरला आणि दोन मीटर वेगाने वाहणारं पाणी एकदम थांबलं, तर दाब सुमारे 24 बारने (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) उसळतो. नळ 600 मीटर लांब असेल तर तरंग टोकापर्यंत जाऊन परतायला बरोबर एक सेकंद लागतो. त्याच्या आत झडप मिटली की अर्धा सेकंद काय आणि पाव सेकंद काय, तडाखा पूर्णच बसतो. आता हे गणित पाच सेकंदांच्या इम्प्लिसिट पावलांनी केलं, तर गणिताच्या दृष्टीने झडप पाच सेकंदांत सावकाश मिटली. आलेख गुळगुळीत येतो, कुठे डोलणं नाही, कुठे अशक्य आकडा नाही. तडाखा मात्र त्यातून गायब झालेला असतो. पाऊल निम्मं करून पुन्हा गणित केलं की शिखर उंचावतं. ते उंचावायचं थांबेपर्यंत पाऊल कमी करत राहणं हीच यातली जुनी तपासणी आहे.

नळांच्या गणितात एक सुखद योगायोगही आहे. तिथे कुरांट आणि मंडळींची मर्यादा अगदी काठोकाठ गाठली, म्हणजे एका पावलात तरंग नेमका एक घर पुढे जाईल असं पाऊल घेतलं, तर तरंग जाळीच्या बिंदूवरच उतरतो आणि त्याची धार जराही बोथट होत नाही. याहून लहान पाऊल घेतलं तर उलट तो पसरट होऊ शकतो. अडचण एवढीच की खऱ्या जाळ्यात वेगवेगळ्या लांबीचे अनेक नळ असतात आणि एकच पाऊल सगळ्यांना नेमकं बसत नाही. तेव्हा अभियंते नळानळातला तरंगाचा वेग जरासा इकडे-तिकडे करून पाऊल जुळवून घेतात. त्यांना त्यात फारसा संकोच वाटत नाही, कारण मुळात तो वेग तितका पक्का माहीत नसतो. पाण्यात शेकडा एक भाग हवेचे बुडबुडे मिसळले तरी तो कित्येक पटींनी खाली येतो.