उद्घोषक आणि वृत्तनिवेदक: दोघंही रेडिओवरच, पण कामं निराळी

परभणी, बीड, नांदेडकडे कुणी "मी आकाशवाणीत आहे" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "बातम्या देता का?" विचारणाऱ्याच्या मनात आदरच असतो. पण समोरचा बहुतेक वेळा उद्घोषक असतो आणि बातम्या देणं हे त्याचं कामच नसतं.

परभणी केंद्र १९६८ पासून बोलतंय. तिथं सभा, म्हणजे प्रसारणाचं एक सत्र, सुरू झाली की ती संपेपर्यंत अख्खं प्रसारण उद्घोषकाच्या हाती असतं. समोर क्यू शीट, म्हणजे कोणत्या वेळी काय लावायचं याचा तक्ता, हाताखाली आवाज कमी-जास्त करायचा फेडर, नजर घड्याळावर. कृषी विद्यापीठातल्या तज्ज्ञांची कापसावरची मुलाखत दीड मिनिट आधी संपली, तर ते दीड मिनिट त्यानंच भरायचं. बातम्यांचं सहक्षेपण, म्हणजे दुसऱ्या केंद्राचं प्रसारण जोडून घेणं, सुरू व्हायच्या क्षणी गाणं अलगद खाली आणायचं, तेही सेकंद न चुकवता. रेडिओवर पाच सेकंदांची शांतता फार लांब वाटते, म्हणून प्रसंगी लिहून न ठेवलेलं बोलता येणं हीच त्याची खरी परीक्षा.

वृत्तनिवेदकाचं नेमकं उलट. त्याला पदरचा एक शब्दही घालायची मुभा नाही. छत्रपती संभाजीनगरच्या प्रादेशिक वृत्त विभागाचं सकाळी ७ वाजून १० मिनिटांचं बातमीपत्र घ्या. मजकूर संपादकानं तपासलेला असतो. निवेदकानं तो नीट पोचवायचा. पावसाळ्यात जायकवाडीच्या २७ दरवाज्यांपैकी किती उघडले, किती फुटांनी, गोदापात्रात किती घनफूट पाणी सुटतंय, हे सगळं एका वाक्यात येतं. तिथं आकडा अडखळला तर नदीकाठच्या गावात चुकीचा निरोप जातो. बातमीपत्र सुरू होण्याच्या तोंडावर एखादं पान बदलून हातात पडतं, तेही पहिल्याच वाचनात सरळ जायला हवं. बऱ्याचदा भाषांतरही त्याच्याकडेच असतं, म्हणून पदाचं नावच वृत्तनिवेदक-नि-भाषांतरकार.

दोघांच्या शाखाही वेगळ्या, एक कार्यक्रम विभागात, दुसरा वृत्त विभागात. ऑडिशनही स्वतंत्र.

हिंदीतली दोन नावं एका दमात घेतली जातात: देवकीनंदन पांडे आणि अमीन सयानी. पांडे आकाशवाणीचे वृत्तनिवेदक. सयानींची सुरुवात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर झाली खरी, पण १९५२ पासून गाजलेली त्यांची 'गीतमाला' लागायची रेडिओ सिलोनवर. ते प्रायोजित कार्यक्रमाचे सादरकर्ते, म्हणजे तिसराच प्रकार.

कॅज्युअल म्हणून, म्हणजे कायम नोकरीत नसून पाळीपुरतं बोलावलं जाऊन, काम करणाऱ्यांबद्दल मात्र आवर्जून सांगायला हवं. आज केंद्रांचा मोठा भार त्यांच्यावर आहे, आणि नियमानं त्यांना महिन्याला जास्तीत जास्त सहा पाळ्या मिळतात. त्यावर घर चालत नाही, म्हणून शिकवण्या, दुकान, वकिली सांभाळून ही माणसं पहाटेच्या सभेला हजर असतात. गावोगाव ओळखीचा झालेला आवाज, आणि हाती एवढंच काम, हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

अर्ज भरणाऱ्या मुलामुलींनी आधी एवढं पाहावं: आयत्या वेळी सुचतं आणि बोलताना सहजता असते, तर उद्घोषकाची परीक्षा द्या. अनोळखी मजकूर पहिल्या वाचनात स्वच्छ जात असेल आणि इंग्रजी-हिंदीतून मराठी झरझर उतरत असेल, तर वृत्त विभागाच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवा.