पीडीएफटूएचटीएमएल : एक्सएमएल रूपांतर

पीडीएफटूएचटीएमएल हे पीडीएफ दस्तऐवजातील मजकूर, चित्रे आणि दुवे बाहेर काढणारे कमांड-लाइन साधन आहे. ते पॉपलर या मुक्तस्रोत लायब्ररीच्या उपयोगिता-संचात मिळते. नावाप्रमाणे त्याचे मूळ काम एचटीएमएल पाने तयार करण्याचे. पण ‘-एक्सएमएल’ हा पर्याय दिला की ते मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचे पानावरील स्थान, आकार आणि फॉन्ट नोंदवणारी एक्सएमएल (माहिती नावाच्या खुणांत बांधणारे मजकूर-स्वरूप) फाइल लिहिते. अहवाल, याद्या आणि तक्त्यांमधून डेटा उपसणाऱ्यांना त्यातला हा पर्यायच उपयोगाचा वाटतो.

हे साधन प्रथम गुओर्गी ओव्हचारोव्ह आणि रायनर डॉर्श यांनी, डेरेक नूनबर्ग यांच्या एक्सपीडीएफ या पीडीएफ दाखवणाऱ्या संगणक-कार्यक्रमाच्या आधारे लिहिले. २००५ मध्ये एक्सपीडीएफ ३.० पासून पॉपलरची शाखा फुटली आणि पुढे हे साधनही तिच्यातच सामावले गेले. परवाना जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याचा आहे.

पीडीएफमध्ये काय असते आणि काय नसते

रूपांतर अवघड का जाते हे समजण्यासाठी पीडीएफच्या पोटात डोकवावे लागते. अडोबीने १९९३ मध्ये आणलेले आणि २००८ मध्ये आयएसओ ३२००० या क्रमांकाने प्रमाणित झालेले हे स्वरूप छापील पानाचे वर्णन करते: अमुक फॉन्ट घे, अमुक बिंदूवर जा, ही चिन्हे काढ. परिच्छेद, शीर्षक, तक्ता, रकाना या गोष्टी त्यात असतातच असे नाही. शब्दांमधली मोकळी जागासुद्धा अनेकदा अक्षर म्हणून नसते; पुढची चिन्हे थोडी उजवीकडे सरकवून काढलेली असतात, इतकेच. तक्त्याच्या रेषा म्हणजे वेगळ्याने ओढलेल्या रेघा, आणि त्यांचा आकड्यांशी काही संबंध आहे हे फाइलला माहीत नसते.

त्यामुळे या साधनातून निघणारे एक्सएमएल अर्थाचे नसून भूमितीचे असते. एक्सएमएलला ‘संरचित’ स्वरूप म्हणतात, त्यावरून अध्याय आणि परिच्छेद आयते मिळतील अशी अपेक्षा ठेवली की पहिल्याच फाइलला निराशा पदरी येते. मिळतो तो कच्चा माल. रचना नंतर आपल्याला उभी करावी लागते. मात्र हा कच्चा माल साध्या मजकुरापेक्षा कितीतरी सरस असतो, कारण साध्या मजकुरात स्थान आणि फॉन्ट कायमचे गमावलेले असतात.

आज्ञा आणि फलित

आज्ञा टर्मिनलमध्ये लहान रोमन अक्षरांत, शब्द न तोडता टाइप करतात. नेहमीचे रूप असे: पीडीएफटूएचटीएमएल, मग ‘-एक्सएमएल’, मग हवे ते पर्याय, मग मूळ फाइल आणि शेवटी फलित फाइलचे विस्तारकाशिवायचे नाव. ‘-एफ’ आणि ‘-एल’ यांनी पहिले व शेवटचे पान ठरते. ‘-आय’ने चित्रे वगळली जातात, आणि ते जवळजवळ नेहमीच द्यावे, नाहीतर पानापानावरची बोधचिन्हे आणि चिरफाळ्या झालेली चित्रे स्वतंत्र फाइली होऊन फोल्डर भरून टाकतात. ‘-एसटीडीआउट’ने फलित थेट पुढच्या आज्ञेकडे पाठवता येते.

फाइलच्या मुळाशी पीडीएफटूएक्सएमएल हा घटक असतो आणि त्यात प्रत्येक पानासाठी एक ‘पेज’. पानाची रुंदी-उंची मूळ बिंदूंच्या दीडपट दिसते, कारण ‘-झूम’चे गृहीत मूल्य १.५ आहे. ए-फोर पान ५९५ बाय ८४२ बिंदूंचे असते, तर इथे ते सुमारे ८९२ बाय १२६३ असे नोंदले जाते. उगमबिंदूही बदलतो. पीडीएफ उंची खालून मोजते, हे साधन वरून. दुसऱ्या एखाद्या साधनाचे आकडे याच्याशी जुळवताना या दोन गोष्टी विसरल्या की सगळे चौकोन भलतीकडे पडतात.

पानाच्या आत ‘फॉन्टस्पेक’ आणि ‘टेक्स्ट’ असे घटक येतात. फॉन्टस्पेकमध्ये क्रमांक, आकार, कुटुंब आणि रंग असतो. टेक्स्टमध्ये टॉप, लेफ्ट, विड्थ, हाइट आणि फॉन्टचा क्रमांक. ठळक व तिरपा मजकूर आणि दुवे टेक्स्टच्या आत एचटीएमएलसारख्या खुणांनी दाखवले जातात. दस्तऐवजात बुकमार्क असतील तर ते ‘आउटलाइन’ म्हणून शेवटी मिळतात, आणि असले तर सोन्याहून पिवळे, कारण अध्यायांची श्रेणी त्यात लेखकानेच दिलेली असते.

इथे एक खाचखळगा आहे. फॉन्टस्पेक ज्या पानावर फॉन्ट पहिल्यांदा वापरला गेला त्याच पानावर लिहिला जातो. पुढची पाने फक्त क्रमांक वापरतात. म्हणून प्रत्येक पान सुटे वाचणारा कार्यक्रम दुसऱ्या पानापासून अडखळतो. मोठी फाइल ‘-एफ’ आणि ‘-एल’ देऊन तुकड्या-तुकड्यांनी रूपांतरित केली तर क्रमांक दर वेळी शून्यापासून सुरू होतात, आणि पहिल्या तुकड्यातला ३ क्रमांकाचा फॉन्ट दुसऱ्या तुकड्यात वेगळाच निघतो. तुकडे जोडताना क्रमांकाऐवजी आकार, कुटुंब आणि रंग हे तिन्ही मिळून धरावेत.

रचना उभी करणे

टेक्स्ट घटकांच्या क्रमावर विसंबू नये. पानावर मजकूर ज्या क्रमाने रेखाटला गेला, साधारण त्याच क्रमाने ते येतात. तळटीप आधी आणि शीर्षक शेवटी, असेही होते. आधी रकाने ओळखावेत, मग प्रत्येक रकान्यात वरून खाली लावावे. सरसकट ‘टॉप’वर लावले तर दोन रकान्यांच्या पानात डावी-उजवी ओळ एकमेकींत मिसळते.

तक्त्याचे उदाहरण घेऊ. एका ओळीत नावाचा तुकडा टॉप ४१२, लेफ्ट १३५ वर आहे आणि त्याच ओळीतली ठळक रक्कम टॉप ४१४ वर. दोन्ही एकाच आधाररेषेवर छापलेले आहेत, तरी टॉप वेगळा आहे, कारण तो फॉन्टच्या वरच्या उंचीवरून काढला जातो आणि ती फॉन्टागणिक बदलते. म्हणून टॉप तंतोतंत जुळण्याची अट घातली की एका ओळीच्या दोन होतात. ओळींमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी इतकी सूट द्यावी. अंतर २० असेल तर ४-५ एकके पुरतात. आता रकमांच्या रकान्यात खाली उतरू. लेफ्ट ७०२, ७१०, ६९४ असे उड्या मारते, पण विड्थ अनुक्रमे ५८, ५०, ६६ आहे. बेरीज तिन्ही वेळा ७६०. आकडे उजवीकडे जुळवलेले असल्याने रकाना उजव्या कडेवरून ओळखायचा असतो, डाव्या नव्हे.

एकाच फॉन्टमधल्या दोन शेजारच्या तुकड्यांमधले अंतर साधारण अक्षराच्या उंचीपेक्षा कमी असेल तर साधन त्यांना एकाच टेक्स्टमध्ये जोडते. दाट छापलेल्या तक्त्यात त्यामुळे दोन रकाने एक होतात. त्यावर उपाय म्हणजे शब्दनिहाय चौकोन देणारे दुसरे साधन वापरणे. शब्द कुठे तुटावा हे ‘-डब्ल्यूबीटी’ ठरवतो. त्याचे गृहीत मूल्य १० आहे, म्हणजे अंतर अक्षराच्या उंचीच्या दहा टक्क्यांहून जास्त झाले की मध्ये मोकळी जागा घातली जाते. विरळ अक्षरजुळणीत शब्द फुटत असतील तर तो वाढवावा.

शीर्षके फॉन्टच्या आकारावरून आणि ठळकपणावरून ओळखतात. ठळकपणाचा अंदाज बराचसा फॉन्टच्या नावावरून लावला जातो. नावात ‘बोल्ड’ नसेल तर डोळ्यांना ठळक दिसणारे शीर्षकही साधे म्हणून येऊ शकते. ‘-फॉन्टफुलनेम’ दिल्यास पूर्ण नाव मिळते आणि निर्णय आपल्या हाती राहतो. स्थाने पूर्णांकात येतात. नव्या आवृत्त्यांत ‘-नोराउंडकोऑर्ड’ने दशांश मिळतात.

काय बिघडते

फलितात पाने आहेत पण मजकूर नाही, तर फाइल बहुधा स्कॅन केलेली असते. आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवणे, करावे लागते. पण ओसीआर झालेल्या फाइलमध्येही मजकूर रिकामाच येतो आणि लोक बुचकळ्यात पडतात. ओसीआरचा थर अदृश्य मजकूर म्हणून चित्रावर किंवा त्याखाली बसवलेला असतो, आणि अदृश्य मजकूर हे साधन स्वतःहून गाळते. ‘-हिडन’ दिले की तो येतो.

मजकूर आहे पण वाचता येत नाही, हा दुसरा प्रकार. पीडीएफमधील चिन्हावरून युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतप्रणाली) अक्षर मिळण्यासाठी फॉन्टसोबत ‘टूयुनिकोड’ तक्ता लागतो. तो आहे का हे पीडीएफफॉन्ट्स या सोबतच्या साधनाच्या ‘युनि’ रकान्यात दिसते. ‘नो’ असेल तर धोका. ‘यस’ असले तरी तक्ता बरोबरच असेल याची हमी नाही. देवनागरीत हा प्रश्न आणखी चिवट आहे. ‘कि’मधली वेलांटी पानावर क-च्या आधी काढली जाते, रफार नंतर, उपसताना अक्षरे दिसण्याच्या क्रमाने आली की शब्द मोडतात, आणि जोडाक्षराच्या एका चिन्हामागची दोन-तीन अक्षरे तक्त्यात नसतील तर ती गळतात. युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर तर रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी होऊन बाहेर येतो. तिथे एक्सएमएलचा खरा फायदा कळतो: टेक्स्टच्या फॉन्ट-क्रमांकावरून फक्त त्याच फॉन्टचे तुकडे निवडून रूपांतर-तक्त्यातून नेता येतात, आणि शेजारची खरी इंग्रजी अक्षरे व आकडे शाबूत राहतात.

तिसरा बिघाड एक्सएमएलचाच. जुन्या आवृत्त्यांत ठळक, तिरप्या आणि दुव्याच्या खुणा कधी चुकीच्या क्रमाने बंद होतात, किंवा एक्सएमएल १.० ला मान्य नसलेली नियंत्रण-अक्षरे मजकुरात शिरतात. मग वाचक-कार्यक्रम फाइल नाकारतो. प्रत्येक फलित एक्सएमएललिंट या एक्सएमएल तपासणाऱ्या साधनाच्या ‘--नोआउट’ने तपासून घ्यावे. नियंत्रण-अक्षरे आधीच गाळता येतात. एक्सएमएललिंटचा मोडकी फाइल सावरणारा ‘--रिकव्हर’ पर्याय सोयीचा वाटतो, पण तो मजकूर गुपचूप सोडूनही देऊ शकतो, तेव्हा आधी-नंतरच्या ओळी मोजाव्यात.

जवळची साधने

पॉपलरमधीलच पीडीएफटूटेक्स्ट ‘-बीबॉक्स-लेआउट’ पर्यायाने प्रवाह, खंड, ओळ आणि शब्द अशी उतरंड देते, तीही मूळ बिंदूंत. शब्दांचे चौकोन हवे असतील तर ते अधिक चांगले, पण फॉन्टची माहिती त्यात नसते. पीडीएफआल्टो ग्रंथालयांत रूढ असलेल्या आल्टो स्वरूपात लिहिते. ग्रोबिड हे साधन शोधनिबंधांवर प्रशिक्षित असून शीर्षक, लेखक, सारांश, संदर्भ ओळखून टीईआय एक्सएमएल (ग्रंथांची रचना नोंदवणारे एक्सएमएल) देते. निबंधांसाठी ते प्रथम वापरून पाहावे, पावत्या किंवा तक्त्यांसाठी त्याचा उपयोग नाही. आणि यांपैकी काहीही चालवण्याआधी पीडीएफइन्फोच्या ‘-स्ट्रक्ट-टेक्स्ट’ने फाइल टॅग केलेली, म्हणजे शीर्षक-परिच्छेदांच्या खुणा लावलेली, आहे का ते पाहावे. असेल, आणि टॅग नीट लावलेले असतील, तर शीर्षके आणि तक्ते लेखकाने दिलेल्या रूपातच मिळतात आणि भूमितीच्या वाटेला जावेच लागत नाही.