टाका किती घट्ट असावा?

आईच्या पोटाचे टाके काढायला दहाव्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. सिस्टरने चिमट्याने गाठ हलकेच उचलली, एका बाजूचा दोरा कातडीला अगदी लागून कापला आणि गाठ जखमेच्या दिशेने ओढून काढली. उलट्या दिशेने ओढलं तर जखमेच्या कडा फाकू शकतात. आणि दोरा वरच्यावर कापला, तर दहा दिवस उघड्यावर राहिलेला, जंतू बसलेला भाग कातडीखालून ओढला जातो.

"टाके इतके सैल कसे? उसवायचे नाहीत ना?" आईने विचारलं. सगळा जन्म गोधड्या शिवण्यात गेलेला, तिला शंका येणारच.

"आजी, हे नुसते वरचे. पोट धरलंय आतल्या टाक्यांनी."

पोटाचा खरा भार पेलतं ते स्नायूंवरचं पांढरं, चिवट आवरण. त्याच्या कडा जुळून यायला महिने लागतात, म्हणून तिथे सावकाश विरघळणारा दोरा वापरतात. पॉलिडायॉक्सॅनोनचा दोरा पूर्ण विरायला सहा-सात महिने घेतो. कातडीला नायलॉन चालतो, कारण तो काढायचाच असतो: चेहऱ्यावरचा साधारण पाच दिवसांत, पोटावरचा सात ते दहा दिवसांत.

घट्टपणाची गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच. दोरा करकचून आवळला की त्याच्या फासात सापडलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. तो भाग मरतो आणि मेलेल्या मांसातून दोरा सुरीसारखा कापत जातो. म्हणजे टाका उसवतो तो बहुधा गाठ सुटून नव्हे, मांस फाटून. दोऱ्याने कडा एकमेकींना टेकवून ठेवायच्या, जोडायचं काम शरीराचं.

मग ताकद येते कुठून? बारीक टाक्यांतून. गोधडीचा धावदोरा दाट असला की ओढ कुठल्याच एका टाक्यावर येत नाही, तसंच हे. नेदरलँड्समध्ये ५६० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सेंटिमीटरभर अंतराचे मोठे टाके घातलेल्यांपैकी २१ टक्क्यांना वर्षभरात जखमेच्या जागी हर्निया झाला. पाच-पाच मिलिमीटरवर टाके घातलेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. अशा शिवणीला जखमेच्या लांबीच्या किमान चौपट दोरा लागतो. त्याहून कमी लागला, तर टाके विरळ पडले किंवा दोरा फार ताणला गेला असं समजावं. वेळ जास्त जातो, पण माझ्या मते ती काही मिनिटं वाचवण्यासारखी नाहीत.

सुश्रुतानेही हेच बजावलं होतं: टाका कडेपासून फार लांब नको, कड दुखते, फार जवळही नको, कड फाटते. त्याने सांगितलेल्या शिवणींपैकी एकीचं नाव तुन्नसेवनी, म्हणजे रफू. आईला हे सांगितलं तर ती खूश झाली.

टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं मात्र नाही. दोन आठवड्यांच्या कातडीत मूळच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याची ताकद असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोचते आणि तिथेच थांबते. डॉक्टरांनी आईला दीड महिना जड उचलायला मनाई केली आहे. पाण्याची कळशी सध्या मीच भरतो.